बोटभर फट

चालेलरावांचं खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं आणि ते तिथेच राहिलं. खोक्यांच्या कारखान्यात लागले त्याच आठवड्यात मुकादमाने त्यांना विचारलं, "ही फळी तिरकी बसलीये, दिसत नाही का?" त्यावर ते म्हणाले, "चालेल." मुकादमाने एकदा फळीकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या असलेल्या ट्रककडे पाहिलं आणि खोकं चढवायला सांगितलं. खोकं चाललं. तेव्हापासून नाव पडलं ते पडलंच.

आता यात सगळी चूक त्यांचीच होती असंही नाही. त्या कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग पाठवायची लाकडी खोकी बनत. खोक्याच्या नशिबात असतं काय, तर एक प्रवास आणि शेवटी पहार. खोकं फोडणारा माणूस आतला माल बघतो. फळ्या सरळ होत्या का, हे विचारायला कुणी परत आल्याचं ऐकिवात नाही. अशा धंद्यात फळी सरळ बसवत बसणारा माणूस वेळखाऊ ठरतो. चालेलराव वेळखाऊ नव्हते. तोंडात खिळे धरून ते बोलतही आणि ठोकतही, आणि दुसऱ्याचं एक खोकं होईपर्यंत त्यांची दोन झालेली असत. मुकादम त्यांच्यावर खूश होता.

घोटाळा एवढाच, की संध्याकाळी ते तेच हात घेऊन घरी येत.

घरात, स्वयंपाकघरात, एक फळी होती. ती डावीकडे उतरती होती, त्यामुळे डबे रोज थोडे थोडे भिंतीकडे सरकत. साखर हवी असेल तर डबा कुठे ठेवला होता हे आठवून उपयोग नसे, आत्तापर्यंत तो कुठवर पोचला असेल याचा अंदाज बांधावा लागे. एक स्टूल होतं, त्याच्या एका पायाखाली कायम पुठ्ठ्याची घडी. कपड्यांचं कपाट होतं, त्याचं दार लावलं की गप्प राही आणि घरात पाहुणे आले की आपण होऊन उघडून आतला पसारा दाखवी. ही सगळी चालेलरावांच्या हातची कामं. प्रत्येकाच्या वेळी ते म्हणालेले, "चालेल." आणि खोटं कशाला बोला, चाललं होतंच.

आणि एक पेटी होती.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी त्यांनी ती बायकोसाठी केली होती. बायको घरी शिवणकाम करायची. सगळी गल्ली तिला काकू म्हणते, तेव्हा आपणही काकूच म्हणू. काकूंना कात्र्या, रिळं, टेप, बटणं ठेवायला काहीतरी हवं होतं. चालेलरावांनी कारखान्यात उरलेल्या फळ्या आणल्या, एका रविवारी सकाळी बसून पेटी केली, बिजागऱ्या ठोकून झाकण लावलं आणि ते जेवायला गेले. झाकण उजवीकडे टेकलं. डावीकडे बोटभर वर राहिलं.

"वापरून वापरून बसेल," ते म्हणाले.

काकूंनी सुतळी आणली आणि पेटीला फेरा घालून गाठ मारली. झाकण वापरून वापरून बसलं नाही. सुतळ्या मात्र कितीतरी झिजल्या.

काकूंच्या हाताची जातच वेगळी. शिवण दोऱ्याएवढी जरी हलली तरी त्या उसवत. गिऱ्हाईक म्हणे, "अहो काकू, आतल्या बाजूला आहे, कोण बघतंय?" "मी बघितलंय ना," म्हणत काकू उसवत राहत. एकाच छपराखाली एक जण "चालेल" म्हणतोय आणि दुसरी उसवतेय, असा तो संसार. त्यात एक मुलगी झाली, वाढली, शिकली आणि लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. ती मात्र दोन्हीकडून नीट झाली होती, कारण तिच्यावर चालेलरावांनी खिळा ठोकला नव्हता.

पुढे जगात प्लास्टिकची खोकी आली आणि कारखान्याला कुलूप लागलं. चालेलराव घरी बसले. माणूस घरी बसला की घरातल्यांना उठावं लागतं, तेव्हा काकूंनीच त्यांना मागच्या पडवीत हात चालवायला सांगितलं. ते खोक्यांच्या जुन्या फळ्यांच्या लहान लहान पेट्या करू लागले. लाकूड फुकटचं, वेळ फुकटचा. कुणाला दागिन्यांसाठी दे, कुणाला पत्त्यांच्या कॅटसाठी दे, असं चाललं होतं. लोक नको म्हणायला संकोचत.

अशात एक दिवस त्यांची पुतणी आली. थोरल्या भावाची मुलगी, बाजारात तिचं भेटवस्तूंचं छोटंसं दुकान. ती पडवीत गेली आणि बराच वेळ बाहेरच आली नाही. मग एक पेटी दोन्ही हातांत धरून आली.

"काका, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"काय?"

"हे असं सोडून देणं! ही गाठ तशीच ठेवलीत. ही भेग भरली नाहीत. कडा घासल्या नाहीत. आणि हे झाकण..."

"घाई होती," चालेलराव म्हणाले.

पुतणीने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. "काका, जपानमध्ये याला वाबी-साबी म्हणतात. जे अपुरं आहे, झिजलेलं आहे, कायम टिकणारं नाही, त्याच्यातलं सौंदर्य. भेग लपवायची नाही. लाकडाला जसं आहे तसं राहू द्यायचं."

"म्हणजे तिथे हे चालतं?"

"चालतं काय काका! लोक आयुष्य घालवतात यासाठी."

आयुष्य चालेलरावांनीही घातलं होतं. ते यासाठी घातलं होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पेट्या दुकानात गेल्या. पुतणीने प्रत्येकीत एक जाडसर कार्ड ठेवलं: 'हातांनी घडवलेली. दोष हाच दागिना.' लोक पेटी घेत, तिच्या वाकड्या कडेवरून बोट फिरवत आणि डोळे मिटून श्वास घेत. एक गृहस्थ झाकण बसत नाही म्हणून परत करायला आले. पुतणीने त्यांना जपान समजावून सांगितला. ते ओशाळले आणि जाताना अजून एक घेऊन गेले.

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. चालेलरावांना वाकडं अंगण आयतं मिळालं, वर जपानची परवानगीही मिळाली. मग काय विचारता! शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलं तर जपान. दूध उतू गेलं आणि ओट्यावर डाग पडला तर जपान. साखरेचा डबा भिंतीला जाऊन टेकला तेव्हा त्यांनी काकूंना बोलावून तो दाखवला आणि म्हणाले, "बघ, गोष्टींना आपापल्या जागी जाऊ द्यायचं असतं."

"असं होय," काकू म्हणाल्या. "म्हणजे लग्न झाल्यापासून मी जपानातच राहतेय. कुणी सांगितलं नाही मला."

चालेलरावांना हा कौतुकाचा भाग वाटला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं.

मुलीचे दिवस भरत आले होते आणि काकू बाळंतपणासाठी तिच्याकडे जाणार होत्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी पेटीची सुतळी सोडली. पेटीच्या तळाशी, रिळांच्या खाली, त्यांनी एक झबलं जपून ठेवलं होतं. मुलीच्या जन्माच्या वेळी काकूंच्या आईने ते हाताने शिवलेलं, पांढऱ्या मऊ कापडाचं, बारीक टाक्यांचं. त्यानंतर आईच्या हातून काही शिवून झालं नाही, त्या वर्षातच ती गेली. मुलीने ते घातलं, मुलीच्या बाळाने ते घालायचं, हे काकूंनी कुणाला न विचारता ठरवून ठेवलं होतं.

झबलं वर आलं ते गळ्यापासून खांद्यापर्यंत कुरतडलेलं. पेटीच्या डाव्या कोपऱ्याचं लाकूडही दातांनी कातरलं होतं. बोटभर फट उंदराला पुरली होती.

काकू झबलं हातात धरून उभ्या राहिल्या. चालेलराव पडवीतून आले, त्यांनी पाहिलं, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की काहीतरी बोलायचं ही त्यांची जुनी खोड, आणि त्या दिवसांत त्यांच्या तोंडात एकच गोष्ट होती.

"जाऊ दे गं," ते म्हणाले. "जुनंच झालं होतं. आणि बघ, ही कुरतडलेली कड... म्हणजे जपानमध्ये याला..."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. चालेलरावांनी वाक्य तिथेच सोडलं, पण ते निघायचं तेवढं तोंडातून निघून गेलं होतं.

त्या दुपारी काकूंनी बॅग भरली. एका महिन्यासाठी भरायची होती त्यापेक्षा ती बरीच मोठी झाली. झबलं त्यांनी रुमालात गुंडाळून वर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्या दारात चपला घालत असताना चालेलरावांनी विचारलं, "परत कधी?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. या घरात एक तरी गोष्ट नीट बंद होते का ते बघा तुम्ही. झाली की कळवा."

पहिले काही दिवस चालेलरावांना हे थट्टेतलं वाटलं. ते शेजाऱ्यांना सांगत, "चिडलीये जरा." नात झाली, सगळं सुखरूप आहे, असा फोन आला. तो मुलीने केला होता. काकू मागे बाळाला जोजवताना ऐकू येत होत्या, फोनवर आल्या नाहीत. महिना झाला. मुलगी म्हणाली, "बाबा, आई म्हणतेय ती अजून राहील." किती, ते सांगितलं नाही.

मग घर दिसायला लागलं. एकटा माणूस असला की घर जास्त दिसतं. साखरेचा डबा सरकवून मध्ये आणायला कुणी नव्हतं. स्टुलाखालची घडी झाडताना कुठे गेली कुणास ठाऊक. ते दोनदा पडता पडता वाचले. कपाटाचं दार पाहुणे नसतानाही उघडायला लागलं, आणि उघडलं की काकूंची रिकामी बाजू दिसे. चालेलराव उठून ते लोटत. ते परत उघडे. त्यांना काकूंची आठवण येत होती, आणि त्या परत न येण्याची भीती वाटत होती. ही भीती साधी, सरळ होती, तिला जपानी नाव नव्हतं.

अशात पुतणी एक डबी घेऊन आली. जुन्या वस्तूंच्या बाजारात तिला मिळाली होती. "खरी जपानी आहे काका, जुनी. तुम्हाला कल्पना यावी म्हणून आणली. असं काहीतरी मोठ्या आकारात करा."

डबी हलक्या लाकडाची, हातांनी काळवंडलेली. एका कोपऱ्याला भेग होती आणि ती भेग लाकडाच्याच एका इवल्या पट्टीने शिवल्यासारखी धरून ठेवली होती, लपवलेली नव्हती. झाकणावर कधीकाळी ठेवलेल्या कपाचं गोल वळ होता. "आपलंच आहे की हे," चालेलराव म्हणाले, आणि त्यांनी झाकण काढलं.

मग त्यांनी ते परत ठेवलं. म्हणजे ठेवायला गेले. झाकण वरच्या कडेवर क्षणभर तरंगलं आणि मग आतली हवा हळूहळू सोडत, कुणी न ढकलता, स्वतःच्या वजनाने खाली उतरत गेलं आणि टेकलं. चहूबाजूंनी. त्यांनी परत काढलं. परत ठेवलं. ते परत तसंच उतरलं. त्यांनी झाकण उलटं फिरवून ठेवलं. तसंही उतरलं.

"काय झालं काका?"

"बसतंय," चालेलराव म्हणाले.

"हो, छान आहे ना?"

"वाबी-साबी म्हणालीस ना तू याला?"

"हो काका."

"मग बसतंय कसं?"

पुतणीला प्रश्न कळला नाही. चालेलरावांना तो इतका कळला होता, की त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. भेग पडली होती ती वर्षांनी पाडली होती. डाग कुणाच्या तरी चहाने पाडला होता. झाकण मात्र कुणीतरी बसवलं होतं, आणि ते बसवणाऱ्याला घाई नव्हती.

आता शहाणा माणूस इथे रंधा हातात घेतो. चालेलरावांनीही घेतला. चार दिवस त्यांनी फळ्या तासल्या. पहिल्या पेटीचं झाकण बसलंच नाही, दुसरीचं बसलं ते निघेना, तिसरीचे कोपरे जुळले तेव्हा तळ हलायला लागला. पाचव्या दिवशी त्यांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते: जवळची वाट धरली. ते गुण्याकडे गेले.

गुण्या म्हणजे सुतार लोक कोपरा काटकोनात आहे का ते बघायला वापरतात ते हत्यार. चौकातला दारं-खिडक्या करणारा मिस्त्री ते चोवीस तास खिशात ठेवतो, म्हणून त्याचंही नाव तेच. त्याची आणि चालेलरावांची जुनी ओळख होती, मैत्री म्हणता येणार नाही.

"एक पेटी करून दे," चालेलराव म्हणाले. "झाकण बसलं पाहिजे."

गुण्याने चष्म्यावरून पाहिलं. "तुझी तर दुकानात विकतात म्हणे, न बसणारी."

"बायकोसाठी हवीये."

गुण्याने पेटी केली. सांधा कुठे आहे ते नखाला लागत नव्हतं. झाकण बंद होताना इतका बारीक आवाज व्हायचा की तो व्हावा म्हणून माणूस परत उघडे. चालेलरावांनी ती वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बसने मुलीच्या गावी निघाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसऱ्याचा हात दाखवूनही करता येतं, हे त्यांना वाटेत सुचलं नाही.

मुलीने दार उघडलं, बाबांना पाणी दिलं, नातीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. नात झोपेत तोंड वाकडं करून हसली आणि चालेलराव विरघळले. खिडकीपाशी काकू बसल्या होत्या, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर तेच झबलं. त्यांनी मान हलवून आलात का म्हटलं आणि टाका पूर्ण केला.

चालेलरावांनी नातीला मुलीकडे दिलं, वर्तमानपत्र सोडलं आणि पेटी काकूंपुढे ठेवली.

काकूंनी झाकण उघडलं. बंद केलं. आतून हात फिरवला. मग म्हणाल्या, "हे तुम्ही केलेलं नाही."

"कशावरून?"

"झाकण बसतंय."

मुलीला हसू आलं, ती बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली. चालेलरावांनी थोडं इकडे, थोडं तिकडे पाहिलं आणि म्हणाले, "गुण्याकडून घेतली."

"छान केलीये. सांगा त्याला." काकूंनी पेटी बाजूला सरकवली. "बाळाचे कपडे राहतील हिच्यात."

"आणि तू?"

"मी काय?"

"येतेस ना? झाकण बसतंय की."

काकूंनी चष्मा काढला. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मला पेटी नको होती हो. बाजारात ढीगभर मिळतात पेट्या. इतक्या वर्षांत तुम्ही माझ्यासाठी एक खिळा उसवला नाहीत. रोज ती सुतळी बांधताना वाटायचं, आज म्हणतील, आण इकडे, बघतो. रोज वाटायचं. वेडीच होते."

चालेलराव खाली झबल्याकडे बघत राहिले. कुरतडलेल्या जागी काकूंनी झबल्याच्याच खालच्या आतल्या पट्टीतून कापड काढून ठिगळ बसवलं होतं. ठिगळाच्या कडेने बारीक टाके, आणि बाजूला उसवलेल्या दोऱ्यांची छोटी रास. बऱ्याच वेळा उसवलं असणार.

"दिसतंय," ते म्हणाले. टीका म्हणून नाही, काहीतरी बोलायचं म्हणून.

"दिसणारच," काकू म्हणाल्या. "पण सुटणार नाही." आणि त्यांनी चष्मा परत लावला.

परतीच्या बसमध्ये चालेलरावांना खिडकीची जागा मिळाली होती, पण त्यांनी बाहेर काही पाहिलं असेल असं वाटत नाही.

घरी येऊन त्यांनी कोपऱ्यातली जुनी पेटी पडवीत आणली. ती, उंदराने कातरलेली, तिचीच सुतळी तिच्यावर सैल पडलेली. पक्कड घेऊन ते खिळे उपसायला बसले. आयुष्यात त्यांनी किती खिळे ठोकले असतील याला गणती नाही, पण उपसायची सवय नव्हती. ठोकलेला खिळा निघताना ओरडतो हे त्यांना नवीन होतं. पहिल्या दिवशी बिजागऱ्या निघाल्या आणि झाकण सुटं झालं. दुसऱ्या दिवशी पुढची फळी.

पेटीला आतून काकूंनी कापडाचं अस्तर लावलं होतं, कडेने बारीक टाचलेलं. डाव्या फळीचं अस्तर त्यांनी जपून सोडवलं, आणि खाली पेन्सिलीची रेघ निघाली. त्यांच्याच हातची. फळीच्या मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत, सरळ. त्यांनी गुण्याकडून हत्यार मागून आणलं आणि लावून बघितलं. बिनचूक होती. त्या रविवारी, नव्या बायकोसाठी, त्यांनी मापून, नीट रेघ मारली होती. करवत तेवढी रेघेवरून घसरली होती आणि पुढे जात जात बोटभर वर निघाली होती. ते त्यांना तेव्हाच दिसलं असणार. पण आतून काकूंनी जेवायला हाक मारली होती.

रेघ चुकलेली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. मग येत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. रेघ बरोबर होती. एवढी वर्षं त्या अस्तराच्या आत ती बरोबरच होती, आणि वरचं बोटभर लाकूड तासायला एक दुपार पुरली असती. चालेलराव पडवीत बसून रडले. पुरुषमाणूस, वयाने मोठा, पण रडले. आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मग त्यांनी रंधा घेतला. रेघेपर्यंत आले तेव्हा वाटलं, झालं. झाकण ठेवलं तर आता ते मागून उचलत होतं, कारण इतकी वर्षं वाकड्या पेटीवर राहून तेही वाकडं झालेलं. "चाले..." असं त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी ते मध्येच गिळलं. बिजागऱ्या परत काढल्या. झाकण तासलं. बिजागऱ्यांची भोकं मोठी झाली होती, त्यात लाकडाच्या काड्या सरस लावून ठोकल्या, वाळू दिल्या, मग नव्याने खिळे. खिळा तिरका गेला. उपसला. परत तिरका गेला. परत उपसला. उंदराने खाल्लेला कोपरा कापून त्यांनी तिथे दुसऱ्या लाकडाचा तुकडा बसवला. पेटी फिकट पिवळी आणि तुकडा तपकिरी, कारण घरात तेवढाच चांगला वाळलेला होता. तो लांबूनही दिसत होता. त्यांनी तो ओढून पाहिला. सुटत नव्हता.

दरम्यान पुतणी दोनदा येऊन गेली. दुकानातल्या पेट्या संपल्या होत्या.

"थांब जरा," चालेलराव म्हणाले. "झाकण बसत नाहीये."

"पण काका, तेच तर..."

"ते मला सांगू नकोस. ती जपानी डबी मी बघितलीये."

शेवटी एका सकाळी झाकण बसलं. चालेलरावांनी ते उघडलं, बंद केलं, वाकून डोळा कडेला लावला. मग फोन केला. मुलीने उचलला, ते म्हणाले, आईला दे. बराच वेळ गेला. मग काकूंचा आवाज आला.

"हं."

"बंद होतेय."

"काय?"

"पेटी. जुनी. आपली."

"पूर्ण?" काकूंनी विचारलं.

इथे पूर्वीचे चालेलराव हो म्हणाले असते. "डावीकडे केसभर आहे अजून," ते म्हणाले. "जात नाहीये. बघतोय."

"बरं," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या आठवड्याच्या शेवटी त्या आल्या. एकट्याच, बॅग घेऊन. दारात चपला काढल्या, पाणी प्यायल्या, साखरेचा डबा भिंतीपाशी आहे हे बघून घेतलं आणि पडवीत गेल्या. चालेलराव मागे उभे राहिले. मुकादमाने कधी त्यांना असं उभं केलं नव्हतं.

काकूंनी तपकिरी तुकड्यावरून बोट फिरवलं. अस्तर बघितलं, ते चालेलरावांनी परत टाचलं होतं, आणि टाके अगदी भयंकर होते. मग काकूंनी बाजूला काढून ठेवलेलं एक रीळ घेऊन दोरा तोडला, पेटीच्या कडेवर आडवा टाकला, झाकण लावलं आणि दोरा ओढला. उजवीकडे तो निघाला नाही. मध्ये निघाला नाही. डाव्या कोपऱ्यात अडत अडत हलकेच निघून आला.

"थांब," चालेलराव म्हणाले. "तेवढंच राहिलंय. दे इकडे, परत सोडतो."

ते पक्कड घ्यायला वाकले. काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "चालेल."

हा शब्द त्या घरात भिंतींनासुद्धा पाठ होता. काकूंच्या तोंडून तो कुणी ऐकला नव्हता. चालेलराव वाकलेले तसेच राहिले, कारण सरळ झाले असते तर तोंड दिसलं असतं.

काकूंनी कात्र्या, रिळं, टेप, बटणांची डबी एकेक करून पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. सुतळी उचलून खांद्यावर टाकली. आतल्या खोलीत जाऊन बॅग उघडली, सगळे कपडे, अगदी तळाचेसुद्धा, आपल्या बाजूला लावले आणि कपाटाचं दार लोटलं. ते आपल्या सवयीने उघडलं. त्यांनी परत लोटलं, खांद्यावरची सुतळी काढली, दाराच्या मुठीला आणि कडेच्या वर आलेल्या खिळ्याला फेरा घातला आणि गाठ मारली.

"हे होईपर्यंत," त्या म्हणाल्या. "मग स्टूल. मग फळी."

"बरीच वर्षं लागतील," चालेलराव म्हणाले.

"लागू देत की," काकू म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला गेल्या.